चार गळ्यांचा अल्बम: स्लोनचा 'ट्वाइस रिमूव्ड' पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

१९९४च्या ऑगस्टअखेर स्लोन या कॅनेडियन बँडचा 'ट्वाइस रिमूव्ड' हा दुसरा अल्बम बाजारात आला आणि अमेरिकेत फारसा कुणाच्या कानावर न पडताच मागे पडला. कॅनडात मात्र वेगळंच घडलं. 'चार्ट' या संगीतविषयक मासिकाने १९९६ मध्ये देशातला आजवरचा सर्वोत्तम अल्बम कोणता यावर कौल घेतला, तेव्हा पहिला क्रमांक यालाच मिळाला. २०००च्या कौलात तो तिसरा आला, २००५ मध्ये पुन्हा पहिला. सीमेच्या एका बाजूला डोक्यावर घेतलेला आणि दुसऱ्या बाजूला कुणी न विचारलेला हा अल्बम मराठी श्रोत्यांपर्यंत तर जवळपास पोहोचलेलाच नाही. बीटल्सच्या चाली ज्यांना आवडतात, गिटारचा खणखणीत आवाज ज्यांना आवडतो, पण पॉवर-पॉप या प्रकाराशी ज्यांची ओळख नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. हा अल्बम बहुतेकांना पहिल्या फेरीत 'बरा आहे' इतकाच वाटतो. गाणी एकमेकांत मिसळतात, मध्येच एखादं लांबतं, आणि हातात नेमकं काय लागलं ते कळत नाही. त्याचं कारण सोपं आहे: यात एक गायक आणि त्याच्यामागे बँड अशी मांडणीच नाही. चौघेही लिहितात, चौघेही गातात. कोण गातोय हे कळायला लागलं की अल्बम उलगडतो. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळ मी त्यावरच घालवणार आहे.

पायरी १: अल्बम शोधा आणि शफल बंद करा

नेहमीच्या स्ट्रीमिंग अ‍ॅपवर अल्बम मिळतो. नुसतं 'स्लोन' टाकलंत तर भलतेच कलाकार पुढे येतील, म्हणून बँडचं आणि अल्बमचं नाव एकत्र टाका. एकूण बारा गाणी आहेत. पहिलं 'पेनपॅल्स' आणि शेवटचं 'आय कॅन फील इट' असेल, तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. शफल बंद करा. या अल्बमचा क्रम विचार करून लावलेला आहे, विशेषतः शेवटची दोन गाणी.

शक्य असेल तर हेडफोन वापरा, साधे चालतील. फोनच्या स्पीकरवर बासचा आवाज गळून पडतो, आणि बँडमधल्या क्रिस मर्फीचा बास गळून पडला तर या गाण्यांचा अर्धा जीव गेला असं समजा. तो खालचे सूर नुसते धरून ठेवत नाही, मुख्य चालीच्या शेजारी स्वतःची एक चाल वाजवत राहतो.

टोरांटो, मिसिसागा भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना आणखी एक सोय आहे. बँड मूळचा कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्स शहरातला असला तरी गेली कित्येक वर्षं त्याचा मुक्काम टोरांटोतच आहे, त्यामुळे त्यांना प्रत्यक्ष ऐकायची संधी तिथे मिळू शकते. २०१२ मध्ये या अल्बमची व्हिनाइल पेटी निघाली होती आणि तेव्हाच्या दौऱ्यात त्यांनी अख्खा अल्बम ओळीने वाजवला होता. जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात ती पेटी दिसली तर निदान उघडून बघायला मागा.

पायरी २: आधीच्या अल्बममधलं एकच गाणं ऐका

'ट्वाइस रिमूव्ड'ला हात लावण्याआधी १९९२च्या 'स्मियर्ड' या पहिल्या अल्बममधलं 'अंडरव्हेल्म्ड' ऐका. चार मुलांचा आवाज गिटारच्या जाड, खरखरीत भिंतीआड दडलेला आहे. त्या काळी सगळीकडे हाच आवाज होता. ग्रंज या खरखरीत गिटार-रॉकची लाट अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातून उठली होती, त्या लाटेतल्या निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' १९९१ मध्ये आला होता आणि प्रत्येक रेकॉर्ड कंपनी पुढचं सिअ‍ॅटल शोधत फिरत होती. त्या शोधात काही लोक थेट नोव्हा स्कोशियाच्या बंदरावर पोहोचले. सब पॉप या सिअ‍ॅटलच्या कंपनीने हॅलिफॅक्सच्या जेल आणि हार्डशिप पोस्ट या बँडांना आणि शेजारच्या मॉन्क्टनच्या एरिक्स ट्रिपला करारबद्ध केलं. स्लोनला गेफनने उचललं, म्हणजे निर्वाणा ज्या कंपनीत होता त्याच कंपनीने.

'अंडरव्हेल्म्ड' संपल्यावर लगेच 'पेनपॅल्स' लावा. भिंत गेलेली आहे. गिटारच्या तारा सुट्या ऐकू येतात, ड्रम कोरडा आणि जवळचा वाटतो, शब्द कळतात, मागून दुसरा आवाज वरच्या पट्टीत जोड देतो. दोन वर्षांत बँडने काय सोडलं आणि काय धरलं, हे कुठल्याही परीक्षणापेक्षा या दोन गाण्यांतून जास्त स्पष्ट होतं.

पायरी ३: पॉवर-पॉप म्हणजे काय, थोडक्यात

१९६७ मध्ये 'द हू' या ब्रिटिश बँडच्या पीट टाउनशेंडने आपल्या बँडच्या संगीतासाठी हा शब्द वापरला. बीटल्सच्या धाटणीची गोड, लक्षात राहणारी चाल, सोबत एकत्र गायलेले सूर, आणि या सगळ्याला मोठ्या आवाजाच्या गिटारचं बळ. सत्तरच्या दशकात रास्पबेरीज, बॅडफिंगर, चीप ट्रिक हे लोक यात होते. मेम्फिसचा बिग स्टार तेव्हा खपला नाही, पण पुढच्या पिढीतल्या बँडवाल्यांनी त्याच्या रेकॉर्डी झिजेपर्यंत ऐकल्या.

नव्वदच्या सुरुवातीला या पिढीची फळं दिसू लागली. १९९१ मध्ये मॅथ्यू स्वीटचा 'गर्लफ्रेंड' आणि स्कॉटलंडच्या टीनेज फॅनक्लबचा 'बँडवॅगनेस्क' आला, १९९३ मध्ये पोझीज बँडचा 'फ्रॉस्टिंग ऑन द बीटर'. त्याच वर्षी बिग स्टार खुद्द पुन्हा मंचावर उभा राहिला. 'ट्वाइस रिमूव्ड' या रांगेत बसतो, पण रांगेतल्या इतरांपेक्षा त्याचा आवाज सडपातळ आहे आणि शब्दांत खट्याळपणा जास्त. इतकं पुरे. याहून जास्त इतिहास ऐकण्याआधी वाचू नका.

पायरी ४: अल्बम मागे का पडला ते समजून घ्या

हे कळलं तर ऐकताना फरक पडतो, म्हणून सांगते. बँडने अल्बम कंपनीच्या हाती दिला तेव्हा कंपनीला 'स्मियर्ड'सारखा, ग्रंजच्या बाजाराला शोभेल असा गोंगाट हवा होता. अल्बम बदला, असं बँडला सांगण्यात आलं. बँडने नकार दिला. मग गेफनने अल्बम काढला खरा, पण त्याच्या प्रचारासाठी फारसा हात हलवला नाही.

इथे एक गोष्ट डोळ्यांआड होऊ नये. त्याच वर्षी मे महिन्यात याच कंपनीने वीझर या बँडचा पहिला अल्बम काढला होता आणि तो लाखांनी खपला. म्हणजे गोड चालीच्या गिटार-पॉपला १९९४ मध्ये गिऱ्हाईक नव्हतं, असं म्हणता येत नाही. वीझरच्या चालींखाली गिटारचा जाड थर होता, रेडिओवर तो ग्रंजच्या शेजारी खपून जाई. स्लोनने तो थरच काढून टाकला होता. माझ्या मते अल्बमच्या नशिबाचं खरं कारण हे आहे, आणि त्याच्या टिकाऊपणाचंही. त्या काळातले कितीतरी गाजलेले अल्बम आज पहिल्या दहा सेकंदांत आपलं साल सांगतात. हा सांगत नाही.

या भानगडीनंतर बँड जवळपास फुटला. ड्रमर अँड्र्यू स्कॉट टोरांटोला गेला, बाकीचे हॅलिफॅक्समध्ये आपल्या मर्डररेकर्ड्स या छोट्या लेबलाच्या कामात गुंतले. पण चौघेही परत एकत्र आले, आणि १९९१ मध्ये जे चौघे होते तेच आजही बँडमध्ये आहेत. रॉक बँडांच्या जगात हे किती दुर्मीळ आहे, ते या क्षेत्राची थोडी माहिती असणाऱ्याला सांगायला नको.

पायरी ५: चार गळे ओळखा

ही मुख्य पायरी. घाई करू नका. विविध भारतीवर निवेदकाने नाव सांगायच्या आत, पहिल्या दोन ओळींत लता की आशा हे ओळखणारी माणसं आपल्या घराघरांत होती. तोच कान इथे लावायचा आहे. खाली दिलेल्या क्रमाने एकेक गाणं ऐका, प्रत्येक गाणं दोनदा.

क्रिस मर्फीपासून सुरुवात करा, कारण तो सगळ्यात लवकर ओळखू येतो. तो बास वाजवतो. आवाज किंचित नाकातला, बोलका, शब्दांची गर्दी करणारा. गाणं 'कोक्स मी'. चाल मध्यम गतीची, गिटार शांत, आणि त्यावर तो एकामागून एक शाब्दिक कोट्या रचत जातो. त्यात एका बँडचं नाव घेऊन तो म्हणतो की मला त्या बँडचा राग नाही, त्यांच्या चाहत्यांचा आहे. ही ओळ कॅनडात अनेकांना तोंडपाठ आहे. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की इतके चतुर शब्द असूनही गाणं कोरडं होत नाही. कडव्याच्या शेवटी मागचे आवाज येऊन मिळतात तिथे नीट ऐका. चतुराई क्षणभर बाजूला होते आणि खाली खरोखरचं दुःख आहे हे लक्षात येतं. 'पेनपॅल्स' आणि 'बेल्स ऑन' हीसुद्धा त्याचीच.

मग जे फर्ग्युसन. तो गिटार वाजवतो. आवाज मऊ, वरच्या पट्टीचा, कधीही न ओरडणारा. गाणं 'स्नोसूट साउंड'. चौघांमध्ये साठच्या दशकातल्या पॉपचा सगळ्यात निस्सीम भक्त हाच, आणि ते त्याच्या चालींच्या वळणांवरून कळतं. नवा श्रोता याच्याकडे हमखास दुर्लक्ष करतो, कारण तो लक्ष वेधून घेत नाही. या अल्बमवर त्याचा वाटा कमी आहे, म्हणून 'स्नोसूट साउंड' तिसऱ्यांदा ऐकलंत तरी चालेल.

आता या दोघांना एकत्र ऐका: 'आय हेट माय जनरेशन'. मर्फी आणि फर्ग्युसन आळीपाळीने ओळी घेतात. हे गाणं म्हणजे तुमची पहिली चाचणी. डोळे मिटा आणि प्रत्येक ओळीला मनात नाव घ्या: क्रिस, जे, क्रिस, जे. नाव चुकलं तर मागे जा. एकदा हे जमलं की अल्बममधल्या मागच्या आवाजांमध्येही कोण कुठे उभा आहे ते ऐकू येऊ लागतं, आणि तो आनंद वेगळाच आहे.

तिसरा पॅट्रिक पेंटलंड. हाही गिटार वाजवतो. आवाज खालचा, जरा थकलेला, सरळ. शब्दांचे खेळ तो करत नाही. गाणं 'आय कॅन फील इट', अल्बमचं शेवटचं. त्यात जेल या बँडची जेनिफर पियर्स त्याच्यासोबत गाते. दोन्ही आवाज साधे, जवळजवळ बोलण्याच्या पट्टीतले. या गाण्याला मोठा उत्कर्षबिंदू वगैरे नाही. दोन माणसं शेजारी उभी राहून गातायत, एवढंच, आणि अकरा गाण्यांनंतर तेवढंच हवं असतं. पुढच्या काळात बँडची सगळ्यात जोरकस रॉक गाणी पेंटलंडनेच दिली, त्यामुळे त्याचा हा हळुवार चेहरा आधी पाहिलेला बरा.

शेवटी अँड्र्यू स्कॉट, ड्रमर. गाणं 'पीपल ऑफ द स्काय'. शब्द धूसर, चित्रांसारखे, अर्थ थेट हाती न देणारे. चाल मात्र धावती. मर्फीच्या शब्दांवर जसं बोट ठेवता येतं तसं इथे करू नका, प्रतिमा नुसत्या जाऊ द्या. कार्यक्रमात त्याची गाणी आली की मंचावर फेरबदल होतो: स्कॉट गिटार घेऊन पुढे येतो, मर्फी ड्रमवर बसतो आणि फर्ग्युसन बास गळ्यात अडकवतो. प्रत्यक्ष कार्यक्रमाची चित्रफीत मिळाली तर हा भाग जरूर बघा. चौघांमधलं नातं मुलाखतींपेक्षा त्या अदलाबदलीत जास्त दिसतं.

पायरी ६: आता सलग ऐका

साधारण पाऊण तासाचा ऐवज आहे. एका बैठकीत संपवा. प्रवासात ऐकत असाल तर ठाणे ते सीएसएमटी लोकलमध्ये जवळपास पूर्ण होतो.

दोन ठिकाणी नवखे अडखळतात. पहिलं पेंटलंडचं 'लूझन्स'. पाच गाण्यांनंतर ते संथ येतं आणि निवांत पसरतं. इथे पुढचं गाणं लावायचा मोह होतो. लावू नका. आधीच्या गाण्यांनी डोक्यात केलेली शब्दांची दाटी या गाण्यात मोकळी होते आणि अल्बमचा दुसरा भाग ऐकायला कान ताजा होतो.

दुसरं ठिकाण जास्त अवघड: स्कॉटचं 'बिफोर आय डू', शेवटून दुसरं आणि चांगलं लांब. तीन मिनिटांच्या पॉप गाण्यांचा बँड इथे वेळेचं भान सोडतो आणि गिटार हळूहळू चढत जातात. गंमत अशी की कंपनीला जो गोंगाट हवा होता तो या अल्बमवर आहेच, पण बँडने तो स्वतःला हव्या त्या जागी, अगदी शेवटाजवळ ठेवला आहे. त्याच्या पाठोपाठ 'आय कॅन फील इट'चे दोन साधे आवाज येतात. हा सांधा मला या अल्बमची सर्वात सुंदर जागा वाटतो. शफलवर ऐकणाऱ्याला तो कधीच भेटणार नाही.

पायरी ७: एकदा शब्द समोर ठेवून

दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत गाण्यांचे शब्द समोर उघडा. सगळ्यांचे नकोत, मर्फीची गाणी पुरेत. 'पेनपॅल्स'पासून सुरुवात करा. कंपनीच्या कचेरीत निर्वाणाला दूरदूरच्या देशांतून आलेली चाहत्यांची पत्रं मर्फीच्या पाहण्यात आली होती, त्या पत्रांवरून हे गाणं सुचलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण काळीज ओतून लिहिलेली पत्रं. गाण्यात त्या भाषेची टर उडवलेली नाही, तिच्यातला आर्जव जसाच्या तसा ठेवला आहे. इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा असलेल्या आपल्यासारख्यांना हे गाणं कॅनडातल्या श्रोत्यापेक्षा निराळं लागतं, असा माझा अनुभव आहे. आपण कधीतरी तसं पत्र लिहिलेलं असतं, किंवा लिहायचं राहून गेलेलं असतं.

गिटार वाजवणाऱ्यांसाठी एवढंच: डिस्टॉर्शन पेडल कपाटात ठेवा आणि 'कोक्स मी' स्वच्छ आवाजात बसवून पाहा. कॉर्ड अवघड नाहीत. अवघड आहे ते दोघांनी मिळून गाणं, एकाने मुख्य चाल आणि दुसऱ्याने वरचा सूर. जोडीला कुणी असेल तर त्यावरच मेहनत करा, कारण पॉवर-पॉपची खरी तालीम तिथेच होते.

पायरी ८: इथून पुढे

सगळ्यात आधी १९९६चा 'वन कॉर्ड टू अनदर'. मोठ्या कंपनीचं छत्र गेल्यावर कमी पैशांत, घरगुती थाटात केलेला अल्बम, आणि त्याला पर्यायी संगीताच्या विभागात जूनो हा कॅनडाचा संगीत पुरस्कार मिळाला. 'एव्हरीथिंग यू'व्ह डन राँग' हे पेंटलंडचं, ट्रम्पेट असलेलं गाणं ऐकून कुणाचा मूड सुधारला नाही असं मी पाहिलेलं नाही. काही जण नवख्याला आधी हाच अल्बम ऐकायला सांगतात, कारण तो लगेच आवडतो. मला तो क्रम पटत नाही. आधी 'ट्वाइस रिमूव्ड' पचवला असेल तर 'वन कॉर्ड'मधला सुटकेचा आनंद कळतो.

मग थेट २०१४च्या 'कॉमनवेल्थ'वर उडी मारा. ही तुमच्या कानाची खरी परीक्षा आहे. दुहेरी अल्बमच्या चार बाजू चौघांनी वाटून घेतल्या, पत्त्यांच्या चार रंगांप्रमाणे प्रत्येकाला एक. स्कॉटने आपली अख्खी बाजू एकाच लांबलचक गाण्याला दिली, आणि पायरी ५ नीट केलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. नावं न बघता कोणती बाजू कुणाची हे सांगता आलं, तर पुढे २००६चा 'नेव्हर हिअर द एंड ऑफ इट' घ्या. त्यात तीस गाणी आहेत, एकात एक गुंफलेली, आणि चौघे सतत आलटून पालटून येतात.

बँडबाहेर जायचं असेल तर दोन वाटा आहेत. एक हॅलिफॅक्सची: जेलचा १९९४चा 'ड्रीमकेक', मग सुपर फ्रेंड्झ, ज्यांच्यासाठी मर्फीने काही काळ ड्रम वाजवला, आणि थ्रश हर्मिटचा १९९९चा 'क्लेटन पार्क'. दुसरी वाट त्या काळातल्या उपेक्षित पॉवर-पॉपची: टीनेज फॅनक्लबचा 'थर्टीन', ज्याला १९९३ मध्ये समीक्षकांनी झोडपलं, आणि व्हेल्व्हेट क्रशचा १९९४चा 'टीनेज सिम्फनीज टू गॉड'. मी आधी 'थर्टीन' घ्यायला सांगेन, कारण तिथेही एकाहून जास्त गीतकार आहेत, मुख्यतः तीन जण: नॉर्मन ब्लेक, जेरार्ड लव्ह आणि रेमंड मॅकगिन्ली. आता कामाला कसं लागायचं ते तुम्हाला माहीत आहे.